दुधाच्या नळीने मोजलेला समुद्र

माझी शाळा तिसरीत सुटली आणि मी मासेमारीच्या लाँचवर चढलो. पुढे लाँचचं इंजिन माझ्या हाताखाली आलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत माझ्या शाळेचा विषय दुसऱ्यांनीच फार काढला.

ऐंशी सालानंतर रत्नागिरीत आम्ही पाच-सहा जण घरात खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या ठेवायचो. बँकेतले एक साहेब, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर, दोघं-तिघं दुकानदार आणि मी. जाळ्यात मासळीबरोबर जे नको ते येतं आणि लाँचचा प्रमुख, म्हणजे तांडेल, शिव्या घालून परत फेकतो, त्यातलं जिवंत मी डब्यात घालून घरी आणायचो. तशी माझी पेटी सुरू झाली.

रविवारी सकाळी साहेबांच्या व्हरांड्यात सगळे बादल्या घेऊन जमायचे. पैशाचं नाव नाही. ज्याच्याकडे जे उतू चाललंय ते त्याने आणायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं. सरांकडे प्रवाळाची एक जात होती, शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं, उजेड पडला की उघडणारी. ती दगड सोडून काचेवर चढली तेव्हा सर खरवडून वाटायला लागले. आम्ही त्यांना बटणंच म्हणायचो. माझ्याकडून लोक न्यायचे सफाईवाले, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि तळातलं कुजकं उचलणारे शंखातले खेकडे. ओहोटीला किनाऱ्याच्या खडकांत, खडपात, कमरेत वाकून मी ते एकेक निवडायचो. माझं जनावर कोणाकडे जाऊन मेलं, असं कधी झालं नव्हतं.

आषाढात झालं. साहेबांची काच शेवाळाने भरली होती, म्हणून मी त्यांना वीस गोगलगायी आणि आठ खेकडे दिले, बदल्यात त्यांच्याकडे जास्त झालेली बटणं घेतली. पुढच्या रविवारी साहेबांनी ते सगळे मेलेले जीव एका ताटलीत माझ्यासमोर ठेवले.

"रोगट माल दिलात," साहेब म्हणाले.

"त्याच खडपातले माझ्याकडे जिवंत आहेत, साहेब. तुम्ही पाणी कुठलं भरता?"

"पुलाखालून, खाडीचं. शिपाई आणतो. मी चाखून बघतो, खारट असतं."

"आषाढात खाडीत निम्मा पाऊस असतो. ते समुद्राचं पाणी नव्हे."

"खारट आहे ना? मग झालं. ही शास्त्राची गोष्ट आहे, तुमच्या लाँचचं इंजिन नव्हे. शाळा किती झाली तुमची?"

एक दुकानदार फिसकन हसला. मग तिथल्या तिथे ठरलं की यापुढे माझ्याकडून कोणी काही घ्यायचं नाही. साहेबांनी बटणंही परत मागितली. मी दिली नाहीत. देणारही नव्हतो. माझ्या हाताचं जनावर रोगट, हे ऐकून घेऊन मी घरी आलो.

बायकोने सगळं ऐकलं आणि माशांचं कालवण ढवळत म्हणाली, "माझा भाऊ दुधातलं पाणी पकडतो. तुम्ही समुद्रातलं पकडा!"

तिने टोमणा मारला होता. मी तसाच पायात चपला घालून निघालो. कल्पना तिची, हे कबूल. पण नळी आणली ती मी.

मेव्हणा दूध गोळा करायच्या केंद्रावर कामाला होता. दुधात पाणी आहे का हे बघायची काचेची नळी त्याच्याकडे असायची. दूध जड, म्हणून नळी त्यात उंच तरंगते. पाणी हलकं, म्हणून त्यात ती खाली बसते. नळीवर दोन्हींच्या खुणा असतात.

"काय वो भावोजी, म्हस घेतलीत काय?"

"समुद्राची धार काढायची हाय."

"मग साय आम्हाला पाठवा वो!"

मी मे महिन्यात, लाँच वर ओढायच्या आधी, खोल दर्यातलं पाणी आणून पिंपात झाकून ठेवत असे. त्यात नळी सोडली. दुधाची खूण नखभर पाण्याखाली गेली आणि नळी उभी राहिली. माझ्या पेटीतल्या पाण्यातही तिथेच. मग पुलाखालचं खाडीचं पाणी आणलं. नळी बुडाली ती पाण्याच्या खुणेजवळ जाऊन थांबली. मी एकटाच मोठ्याने हसलो.

पुढच्या रविवारी बोलावणं नसताना गेलो. नळी, तिचं उंच भांडं आणि माझ्या दोन्ही पाण्याच्या बाटल्या बरोबर. सगळ्यांसमोर आधी पिंपातलं पाणी मोजलं, मग माझ्या पेटीतलं. एका ठिकाणी. मग म्हटलं, "आता साहेबांच्या पेटीतलं द्या."

"ही दुधाची नळी," साहेब म्हणाले. "समुद्राचं हिला काय कळतं?"

"साहेब, नळी पण शाळेत गेलेली नाय. तिला दूध नि दर्या कळत नाय. जड कळतं, हलकं कळतं. सोडू का?"

सरांनी स्वतःच पेटीतून तांब्या भरून आणला आणि भांड्यात ओतला. नळी खाली, आणखी खाली गेली. सर वाकून खुणा बघत राहिले, मग म्हणाले, "साहेब, हे बरोबर आहेत. निम्म्या गोड्या पाण्यात त्या गोगलगायी जगणार कशा? हे मला सुचायला हवं होतं."

मग सगळेच धावले. प्रत्येकाला आपल्या पेटीतलं पाणी मोजून हवं होतं. एका दुकानदाराच्या पाण्यात नळी बरोबर उभी राहिली, तर तो मुलगा पास झाल्यासारखा हात चोळत फिरला. त्या दिवशी नियम मी सांगितला आणि तो सगळ्यांनी मानला: आधी घेणाऱ्याच्या पाण्यात नळी, मग जनावर. माझ्यासकट सगळ्यांना.

साहेबांना मी पिंपातलं पाणी दिलं. रोज थोडं काढा, थोडं घाला, घाई करू नका, असं बजावलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या व्हरांड्यात नळी बरोबर जागेवर उभी राहिली.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता मागा."

साहेबांनी जरा घसा साफ केला. सगळे बघत होते. "द्या हो, दहा-बारा गोगलगायी. तुमच्या हातच्या."

मी चोवीस दिल्या. आठवड्याने त्यांच्या काचेतून पलीकडची भिंत दिसत होती, आणि मेलेली गोगलगाय एकही नव्हती.