खुंटीवरचा कोट

ओट्यावर कुणी आलं की समोरचे वकीलसाहेब आधी दारामागच्या खुंटीकडे बोट दाखवायचे. तिथे त्यांचा काळा कोट लटकत असे. "कोट खुंटीला आहे, म्हणजे मी वकील नाही," ते म्हणायचे. "आता बोला."

चाकणच्या पेठेत त्यांचं घर माझ्या कचेरीच्या बरोबर समोर. पन्नास सालानंतरची गोष्ट. कारखाने अजून यायचे होते, तंटे सगळे बांधाचे आणि विहिरीचे. अशाच एका दाव्यात त्यांनी दोन्ही भावांची वकिली केली, एकाची उघड, दुसऱ्याची आतून. भाऊ एक झाले, पण हायकोर्टाने यांची सनद वर्षभर निलंबित केली. कोर्टात उभं राहायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही. पकडले गेले तर सनद कायमची जाणार.

मी खूश. पेठेत सनदवाला वकील आता मी एकटा. भर उन्हाळ्यात कोट चढवून बसायचो आणि माशा हाकलायचो. समोरचा ओटा मात्र माणसांनी भरलेला. कुणाचा साक्षीदार कच्चा, कुणाचा दावा टिकणार नाही, सगळं माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू यायचं. त्या दिवसांत माझ्या पोटात जे दुखायचं, त्यावर बायको बिचारी ओवा द्यायची.

शेवटी मी सापळा लावला. माझे मामेसासरे दापोडीचे, चाकणात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. विहिरीच्या पाळीवरून त्यांचं धाकट्या भावाशी वाजलं होतं, आणि तो दावा मलाच मिळणार होता. म्हटलं, "मामा, समोर जाऊन नुसता सल्ला विचारा. त्यांनी दिला की मी तक्रार करतो, तुम्ही साक्षीदार." सापळ्याला स्वतःचीच शेळी बांधणारा मी पहिलाच वकील असेन.

मामा दुपारभर बसले. परत आले ते उपरण्याने डोळे पुसत.

"काय सल्ला दिला?"

"सल्ला न्हाई दिला. इचारलं, भावाच्या घरी शेवटचं कवा जेवलात. मला आठवंचना, जावईबापू."

"मग?"

"मग काय, जातो आता त्याच्याकडं जेवायला. तुमचा तो दावा ऱ्हाऊ द्या."

पुढे दुसऱ्याच कुणीतरी तक्रार केली, आणि चौकशीला खेडच्या कोर्टात मला बोलावलं. समोर बसणारा, रोज बघणारा, माझ्याहून पक्का साक्षीदार कोण असणार? ते कोपऱ्यातल्या बाकावर होते, टोपी मांडीवर घेऊन. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"हे वकिली करतात का?" न्यायाधीशांनी विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मनात आलं, सनद कायमची गेली तर कोट कायमचा खुंटीला. म्हणजे ओटा जन्मभर भरलेला. ते काही नाही. हा माणूस परत वकील झालाच पाहिजे, माझ्यासारखा कोटात घामाघूम झालाच पाहिजे.

"साहेब, मी त्यांचा कोट सदा खुंटीलाच पाहिलाय," मी म्हणालो.

बाहेर ते म्हणाले, "उपकार झाले, राव."

"उपकार कसले, मत्सर."

ते हसले. त्यांना चेष्टा वाटली असावी.

वर्ष सरलं, कोट खुंटीवरून उतरला. पहिल्याच दाव्यात ते माझ्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. मी फुगून बाहेर आलो, तर माझा जिंकलेला पक्षकार त्यांच्यापाशी. "वकीलसाहेब, ह्यो निकाल वर टिकंल न्हवं?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोट काढून हातावर घेतला. "आता बोल," म्हणाले.

ते जाऊनही आता बराच काळ झाला. परवा माझ्याकडे एक म्हातारा आला, भावाशी भांडून. मी उठून कोट काढला, खुंटीला अडकवला आणि म्हटलं, "आता बोला."

"लई उकडतंय व्हय, वकीलसाहेब?" असं म्हणत त्याने खिडकी सताड उघडून दिली. समोर रिकामा ओटा होता.