काळ्या धाग्याचं मडकं

कुचला शुद्ध करावा तर द्वारकाबाईनं, असं हिंगोलीचे खाजा मिया हकीम चारचौघांत सांगायचे, आणि हकीमसाहेब कुणाची फुकट तारीफ करणारे नव्हते. कुचला म्हणजे कोटाच्या बटनासारख्या चपट्या, करड्या बिया. कच्ची पोटात गेली तर माणूस संपला. शुद्ध केली तर तीच बी लकव्यानं पडलेल्याला काठी धरून का होईना, उभं करते. बिया दिवसच्या दिवस भिजवायच्या, दुधात शिजवायच्या, साल काढायची, बी फोडून आतली जिभली, म्हणजे कोंब, उपटायची, मग तुपात परतायची. उरलेलं दूध कुत्र्यानं चाटू नये म्हणून खड्ड्यात पुरायचं. पंधरा दिवसांचं हे काम चालू असेपर्यंत मडक्याच्या गळ्याला काळा धागा बांधलेला असायचा. धागा दिसला की हकीमाच्या घरचं पोरही त्या कोपऱ्याकडं फिरकत नसे. काम झालं की द्वारकाबाई तो स्वतःच्या हातानं सोडायची.

बाई विधवा, हकीमाच्या अंगणात दवा करून पोट भरायची. पदरात दोन लेकरं, रामकिशन आणि धाकटी मिराबाई. रामकिशन जिनिंगमध्ये कामाला होता, पण कापसाला त्याचा हात क्वचितच लागायचा. पलटणीच्या जुन्या मैदानावर गोरे सोजीर फुटबॉल खेळायचे. ते गेले, खेळ मागं राहिला. जिनिंगचा मॅनेजर मोहनसिंग, त्याला शिल्ड जिंकायचं वेड. त्यानं अकरा पोरं पगारावर ठेवली होती. गाव हसायचं, "चेंडूला लाथा मारायचा पगार! आता झोपायचा पगार कवा सुरू करता?" पण रामकिशन उजव्या बाजूनं चेंडू घेऊन सुटला की हसणारेच बोंबलत उभे राहायचे.

मोहनसिंगाचं हकीमाकडं उठणं-बसणं होतं. लकव्याचा एक म्हातारा दोन महिन्यांत भिंत धरून चालायला लागला, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. पडलेल्याला उठवते ती गोळी पळणाऱ्याला काय करील! त्यानं स्वतःच्या गुडघ्याचं निमित्त सांगून गोळ्या नेल्या आणि सामन्याआधी गुळात घालून पोरांना चारल्या. दोन सामने जिंकले. रामकिशन घरी येऊन म्हणाला, "माय, मॅनेजरची गोळी घेतली की पाय भुईला लागतच न्हाईत गं. लई कडू हाय पण."

कडू म्हटल्यावर द्वारकाबाईला कळलं, हा आपलाच कुचला. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आपल्या हातची दवा, आपलं लेकरू, अन सारं गाव टाळ्या वाजवून राहिलं! त्या दिवशी ती गप्प बसली. पुढं आयुष्यभर तिनं त्या गप्प बसण्याचा हिशोब स्वतःकडं मागितला.

हकीमसाहेबांना खबर लागली तसे ते भडकले. "ये बीमारों की दवा है, दौडनेवालों की नहीं!" म्हणून त्यांनी मोहनसिंगाला ओट्यावरून खाली उतरवलं. गोळ्या बंद झाल्या.

अडतीस सालच्या हिवाळ्यात नांदेडच्या टीमशी शिल्डचा शेवटचा सामना ठरला. हकीमसाहेब भाचीच्या लग्नाला वसमतला गेलेले. द्वारकाबाई कयाधू नदीवर धुणं घेऊन गेली होती. परत आली तर हकीमाच्या अंगणात मडक्याचा धागा खाली पडलेला. सोडलेला नव्हता, तोडलेला होता. आत बिया कमी होत्या. भिजवायला टाकून तिसराच दिवस होता.

बाई धुणं टाकून मैदानाकडं पळत सुटली. ती पोचली तेव्हा लोक टोप्या उडवत होते. रामकिशननं गोल केला होता. मग तो मैदानाच्या मधोमध थांबला. अंग ताठ झालं, पाठ धनुकलीगत वाकली, आणि जबडा असा आवळला की पहिल्यांदा लोकांना वाटलं, पोरगं हसून राहिलं. ती त्याच्यापाशी पोचेपर्यंत त्याला तिची ओळख होती. नंतर राहिली नाही.

मोहनसिंगानं तिथंच, प्रेताशेजारी उभं राहून सांगितलं, "पोराला फेफरं यायचं. आमच्यापासून लपवलं यांनी." पंचनाम्याला आलेल्या जमादारानं मॅनेजरच्या घरचा चहा पिऊन तेच कागदावर उतरवलं. द्वारकाबाईनं तुटका धागा दाखवला तर तो म्हणाला, "बाई, धाग्यावर का फिर्याद होते?" हकीमसाहेब परत आल्यावर दारोदार सांगत फिरले, पण मॅनेजरच्या विरोधात कोण बोलणार? अर्ध्या गावाची चूल जिनिंगवर पेटायची. शिल्ड मोहनसिंगाच्या बैठकीत खिळ्याला टांगली गेली.

अन त्या एका शब्दानं काय केलं बघा. मिराबाईचं लग्न कळमनुरीला ठरलं होतं. तिकडून निरोप आला, फेफऱ्याच्या घरची पोरगी नको. एक मोडलं, दुसरं मोडलं, तिसऱ्यानं तर अंगणातूनच पाय मागं घेतला. शेवटी पोरीला कुरुंद्याच्या एका बिजवराला द्यावं लागलं, बापाच्या वयाच्या. सासरी तिला साधी भोवळ आली तरी बाया कांदा घेऊन धावायच्या, हुंगवायला.

द्वारकाबाईनं तो तुटका धागा गाठ मारून जपून ठेवला. मोहनसिंग रस्त्यात दिसला की ती थांबून त्याच्याकडं बघायची, तो वळणाआड जाईपर्यंत. "मेला तर मला काय मिळंल?" ती हकीमसाहेबांना म्हणायची. "त्याच्याच तोंडानं वदवायचं हाय मला. माझ्या लेकराला फेफरं न्हवतं. एवढंच. पण त्याच्याच तोंडानं!"

आठ वर्षं गेली. एका सकाळी मोहनसिंगाची बायको मंजुळाबाई हकीमाच्या दारात रडत उभी. मॅनेजरची उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. हकीमसाहेब आता थकलेले, हात कापायचे. त्यांनी द्वारकाबाईला आत बोलावलं. "बेटी, तू ना म्हण. मी त्यांना दुसरीकडं पाठवतो."

"न्हाई चाचा. मीच करते."

म्हातारा उठून तिच्यापाशी आला. "दवा को दवाच रहने दे, द्वारका."

पंधरा दिवसांनी कोपऱ्यात दोन मडकी होती. एकात तयार दवा, दुसऱ्यात आदल्या दिवशी भिजवलेल्या बिया. बाई दोन्हींच्या मध्ये बसली. हात कच्च्याकडं गेला, हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही. एक बी उचलून तिनं तळहातावर ठेवली, अन रामकिशनचा आवळलेला जबडा तिच्या डोळ्यांपुढं आला. हाच जबडा मोहनसिंगाचाही होईल, पण मग तो बोलणार कसा? तिनं बी परत टाकली, हात तीनदा धुतले आणि तयार दवेच्या चाळीस गोळ्या वळल्या. त्या लहान बोळक्यात भरल्या, आणि बोळक्याच्या गळ्याला तो आठ वर्षांचा तुटका धागा बांधला, गाठ पुढं ठेवून.

मोहनसिंगानं बोळकं पाहिलं आणि त्याचा उघडा असलेला एक डोळा मोठा झाला. ओळखला! ओळखणारच की, त्यानंच तर तोडला होता. मंजुळाबाईनं गोळी ओठाशी नेली तर त्यानं मान फिरवली.

"ज... जहर," तो वाकड्या तोंडानं पुटपुटला.

"अहो, दवा हाय ती! जहर काहून म्हणता?" मंजुळाबाई कावरीबावरी झाली. "द्वारकाबाई, काय बोलून राहिले हे?"

"त्यायलाच विचारा," द्वारकाबाई म्हणाली. "त्यायला कशाची भीती वाटून राहिली ते सांगू द्या."

आता सांगणार काय? धाग्याची भीती सांगायची तर तो कुणी तोडला हेही सांगावं लागणार. बायको गोळी तोंडात घालायची, तो जिभेखाली धरायचा, आणि तिची पाठ फिरली की डाव्या हातानं उशीत खुपसायचा. द्वारकाबाई रोज सकाळी बोळकं घेऊन यायची, समोर बसायची, विचारायची, "कसं वाटतंय साहेब? जबडा आवळतोय का?" आणि त्याच्या कपाळावर घाम फुटलेला डोळे भरून बघायची. भिंतीवर शिल्ड होतीच.

चाळिसाव्या दिवशी मंजुळाबाई उशीची खोळ बदलायला गेली अन गोळ्या घरंगळत जमिनीवर आल्या. एक नाही, दोन नाही, एकोणचाळीस. तिनं कपाळ बडवून घेतलं. "मी दिवसरात उशापायथ्याशी मरून राहिले, अन तुमी हे करता? काहून?"

तेव्हा तो फुटला. लाळ गळत, शब्द तुटत, पण एकेक शब्द कळत होता. बिया त्यानंच नेल्या, अन गुळात घालून एकट्या रामकिशनला चारल्या. मडक्याला धागा होता. तिसरा दिवस हाय हे ठाऊक होतं, पण सामना थांबला नसता. पोराला फेफरं न्हवतं. "ही... माझ्यावर सूड उगवून राहिली. कच्ची... चारते."

"अजून एकदा," द्वारकाबाई म्हणाली. दारात मोलकरीण उभी होती, जिनिंगचा मुनीम उभा होता. "मोठ्यानं. पोराला काय न्हवतं?"

"फेफरं... न्हवतं."

बाईनं बोळक्यातली चाळिसावी गोळी काढली, सगळ्यांना दाखवली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि चावून गिळली. तांब्यातलं पाणी प्यायली. मग भिंतीला टेकून बसली. मुनीम दोनदा घड्याळ बघून आला. बाईला काही झालं नाही.

"पहिल्या दिवसापासून शुद्ध होती, साहेब," ती उठत म्हणाली. "गिळली असती तर आज भिंत धरून चालला असता."

मोहनसिंगानं तोंड उघडलं, मोठा आ करून, अन डावा हात बोळक्याकडं पुढं केला. तिनं बोळकं उपडं करून दाखवलं. मंजुळाबाई फरशीवरच्या गोळ्या वेचायला वाकली, पण त्या सगळ्या लाळेनं भिजून बुरसलेल्या होत्या. हकीमसाहेबांनी पुढं नव्या गोळ्या पाठवल्या. पण त्यांचं म्हणणं पडलं, दवा लागू पडायचे दिवस निघून गेले.

निघताना द्वारकाबाईनं बोळक्याचा धागा सोडला आणि त्याच्या मेलेल्या उजव्या मनगटावर बांधला. मग थेट कुरुंद्याची वाट धरली, लेकीच्या सासरी, मुनीमाला साक्षीला घेऊन.

बाईला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या रात्री ती लेकीच्या ओसरीवर आठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

मोहनसिंग त्यानंतर दीड वर्ष खाटेवर जगला. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात गेला तेव्हा आंघोळ घालणाऱ्यांनी पाहिलं, धागा मनगटावर तसाच होता. डावा हात त्याचा चांगला चालत होता. मंजुळाबाई म्हणाली, कितीदा काढायला गेले, काढू देत न्हवते.