आक्कांनी परत दिलेलं झाकण

शेडातल्या आक्का कुठलीही वस्तू आधी हुंगायच्या. बाटली असो की पुठ्ठा, नाकाशी न्यायच्या, मग कानाशी हलवून बघायच्या आणि मगच पोत्यात टाकायच्या. त्या तेरखेड्याच्या. निम्मं आयुष्य फटाके वळण्यात गेलेलं. "त्या कामात आधी नाक चालवायचं, मग हात," म्हणायच्या. दिवाळीनंतर फटाक्यांची रिकामी खोकी आली की जास्तच वेळ हुंगत बसायच्या. "माझ्या गावचं हाय हे," म्हणायच्या आणि ते खोकं बाजूला ठेवायच्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचं ते पत्र्याचं शेड होतं. धाराशिवात अशी बरीच शेडं होती. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, रद्दी असा सुका कचरा लोक तिथं आणून द्यायचे आणि आक्का तो निवडून वेगवेगळ्या पोत्यांत भरायच्या. माझा मालक वारला आणि मुलगा पुण्याला गेला, तेव्हापासून मी तिथं जायला लागले. एकट्या माणसाचा कचरा तो किती असणार? पिशवीच्या तळाशी राहायचा.

आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणसं धुरकट दिसायची, म्हणून त्या पिशवीवर हात फिरवून माणूस ओळखायच्या. खताच्या गोणीतून रद्दी आणणाऱ्या गुरुजींना त्या तोंडावर "या युरिया" म्हणायच्या. माझी पिशवी घरी शिवलेली, तिच्या तोंडाला आईच्या इरकली लुगड्याचा जाड काठ. म्हणून मी काठवाली. "आली का काठवाली? आज तू बोलणार का पिशवीच बोलणार?" असं विचारायच्या. मला चारचौघांत बोलायला होत नाही. मी नुसती हसायची. हसणं त्यांना दिसत नव्हतं, तरी त्या म्हणायच्या, "हसली बघा."

दुधाची पिशवी धुतलेली नसली की आक्का परत द्यायच्या. "वास मारतीया. धुऊन आण." पण माझी पिशवी मी दोनदा धुऊन, दोरीवर वाळवून न्यायची, तरी त्यातलं काहीतरी एक परत यायचंच. कधी झाकण, कधी गोळ्यांचं पाकीट. शेजारच्या सुमनताईंनी एकदा विचारलं, "आक्का, हिचंच कसं वो रोज परत येतं? आमचं तर तसंच बरबटलेलं घेता."

"तुझ्या घरात तुझ्याशी भांडायला सहाजणं हायती," आक्का म्हणाल्या. "हिच्याशी कोण भांडावं? एक ऱ्हायलं म्हंजी उद्या येती."

मी मान खाली घातली. त्या दिवशी परत आलेलं झाकण घरी आणून खरंच पुन्हा धुतलं.

मग एक दिवस नगरपालिकेचे साहेब आले. गल्लोगल्लीची शेडं बंद करून गावाबाहेर एकच मोठं केंद्र होणार होतं. "सगळं एका जागी, आक्का. सगळ्यांची सोय."

"मग तुमचं घरबी तिकडंच हलवा की साहेब," आक्का म्हणाल्या. साहेबही हसले. आक्कांना नव्या केंद्रात काम मिळणार होतं, म्हणून कुणी जास्त बोललं नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, "म्या तिकडंच हाय. यायचं बंद करू नको."

शेड उचललं. पत्रे गेले, खालची जमीन तेवढी काळी राहिली. घंटागाडी दारात यायला लागली, गल्लीतल्या सगळ्यांना तेच बरं वाटलं. मी मात्र पिशवी भरेपर्यंत थांबले आणि रिक्षा करून नव्या केंद्रावर गेले. तिथं एक खिडकी होती. आतल्या माणसानं सगळ्यांना दिली तशी मलाही हिरवी पिशवी दिली आणि जुनी आणू नका म्हणून सांगितलं. जाळीच्या आड लांब टेबलावर बायका निवडत होत्या. आक्का पाठमोऱ्या दिसल्या. यंत्राचा आवाज मोठा होता. हाक मारायची तर ओरडावं लागलं असतं, ते मला जमलं नाही. पुढच्या वेळी हिरवी पिशवी आत गेली आणि पूर्ण रिकामी होऊन बाहेर आली. तशाच हिरव्या पिशव्यांत आक्कांना माझी कशी कळणार?

घरी येऊन जुन्या पिशवीचा काठ उसवला आणि हिरवीच्या तोंडाला शिवला.

त्यानंतर गेले तेव्हा पिशवी परत आली आणि तिच्या तळाशी एक झाकण होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "मावशी, आतून निरोप हाय, धुऊन आणा म्हणं." मी जाळीकडं बघितलं. आक्का पाठमोऱ्याच होत्या, पण उजवा हात वर झाला होता.

असं बरेच महिने चाललं. बोलणं काही नव्हतं. मी द्यायची, त्या एक वस्तू परत द्यायच्या. रिक्षात ते झाकण मुठीत धरून मी घरी यायची आणि संध्याकाळचा स्वयंपाक जरा नीट करायची.

या उन्हाळ्यात एकदा पिशवी रिकामी आली. मी आत हात घालून चाचपून बघितलं. मग पहिल्यांदाच त्या माणसाला मोठ्यानं विचारलं, "आक्का?"

"लेकीकडं गेल्या बेंबळीला. डोळ्यानं आता काहीच दिसंना झालंय म्हणं."

बेंबळी काही लांब नाही, एसटी जाते. मुलाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "जाऊन ये की आई एकदा." पण तिथं त्यांच्या लेकीचं दार. ती विचारील, तुम्ही कोण? काठवाली, एवढंच माझ्याकडं उत्तर आहे.

कचरा आता मी घंटागाडीत टाकते. आक्कांनी शेवटी परत दिलेलं झाकण त्या खेपेला मी घरीच विसरले होते, तेवढं टाकलेलं नाही. ते धुऊन, पुसून दिव्याच्या फळीवर ठेवलंय. अजून ते द्यायचं राहिलंय.