कोरडी पुडी

सुरेखाताई कुवेतच्या एका दवाखान्यात अठरा वर्षं एक्स-रे काढतायत. त्या मूळच्या लोह्याच्या, मी अहमदपूरचा. कुवेतच्याच मंगफ भागात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, त्यामुळे माझी गाडी त्यांना आपलीच वाटते. त्याच दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. माझी ओळख करून देताना त्या सांगतात, "मशीन बंद करून चालू करतो. पगारी आहे."

त्यांना एक खोड आहे. फोटो काढण्याआधी पेशंटच्या खिशातलं, गळ्यातलं जे काही बाहेर काढतात ते वहीत लिहायचं, आणि पुढे 'ओली' किंवा 'कोरडी' असा शेरा. मशीनवर पाणी सांडलं तर उद्या आपल्यावर येऊ नये, म्हणून. आम्ही सगळे हसायचो.

तीन वर्षांपूर्वी हरीशला आणलं. नांदेडकडचा, एसी दुरुस्तीचं काम करायचा. समुद्राकाठच्या एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात बुडाला, असं त्याच्या सुपरवायझरनं सांगितलं आणि कागदावर तसंच उतरलं. केस ओले, शर्ट ओला. फोटोत मात्र कवटीला तडा. ताईंनी त्याच्या पँटच्या खिशातून दोन वस्तू काढल्या आणि लिहिलं : किल्ली एक, कोरडी. कागदी पुडी एक, कोरडी. तासाभरात हरीश गेला.

सरकारी वकिलांनी खटला उभा केला : आधी मारलं, मग वरून पाणी ओतलं. सुपरवायझर म्हणाला, पाय घसरला, डोकं काठावर आपटलं, पाण्यात पडला. खालच्या कोर्टानं त्याला सोडलं. वहीतल्या एका शब्दावर कुणाला जेलमध्ये घालत नाहीत. तिकडे गावात हरीशच्या बायकोला, वीणाला, लोक तोंडावर म्हणू लागले की दारू पिऊन पडला असेल. सरकारनं अपील केलं. अपील कोर्टानं ताईंना बोलावलं. प्रश्न एकच होता : ती पुडी आहे कुठे?

पुडी ताईंच्या देवघरात होती.

किल्ली त्यांनी पोलिसांच्या पिशवीत टाकली होती. पुडीला हळदीचा वास आला. माळेगावच्या खंडोबाचा भंडारा. तो बुटांसोबत पिशवीत कसा टाकायचा, म्हणून ताईंनी पर्समध्ये ठेवला. बायकोला पाठवू म्हणाल्या. पत्ता मिळेपर्यंत खटला उभा राहिला होता. मग पाठवायची भीती वाटायला लागली, आणि टाकून देणं तर शक्यच नव्हतं.

आमच्या विभागाचे अभिजीतसर पुण्याचे. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बसवलं, मला दाराशी उभं केलं.

"कचऱ्यात टाकली म्हणा. विषय संपला."

"टाकली न्हाई ना पण."

"पेशंटची वस्तू घरी नेलीत, असं कोर्टात सांगणार? नोकरी जाईल, ताई. इथं राहायचा परवाना, इकामाही जाईल."

"जाईल की. मग लोह्याला जाईन. तिथं काय मला कोणी खातंय का?"

"भावनेच्या भरात..."

"सर, कचऱ्यात टाकली मनलं, तर तो सुटला. एवढं सोपं आहे ते."

गाडीत मी म्हणालो, "ताई, इथल्या कोर्टात पर्समधून पिवळी पावडर काढणारी पहिली बाई तुम्हीच असाल."

"तू सोबत आहेस ना? दोघांनाही धरतील."

कोर्टाजवळच्या मिरकाब भागात गाडी लावून आम्ही चालत कोर्टात गेलो. दुभाषा महबूब हैदराबादचा. ताईंनी सगळं हिंदीत सांगितलं, घरी नेल्याचंसुद्धा, आणि पुडी टेबलावर ठेवली. आरोपीचा वकील उठला. ही बाई देवभोळी, मयताच्या मुलखातली. दोन वर्षं घरात ठेवलेली पुडी तिनं घरीच बांधली नसेल कशावरून?

ताई म्हणाल्या, "साब, मैंने कभी खोली नहीं. दुसरे के हाथ की बंधी हुई थी."

न्यायाधीशांनी पुडी सोडायला सांगितली. भंडारा सांडू नये म्हणून ताई ओंजळ धरून पुढे सरकल्या. शिपायानं त्यांना मागे ढकललं. कागद उलगडला. ती कंपनीची कामाची चिठ्ठी होती. हरीशचं नाव, बंगल्याचा नंबर, मृत्यूच्या दिवसाची तारीख आणि खाली सुपरवायझरची सही. जुना कागद फाटला असेल, म्हणून हरीशनं त्या सकाळी भंडारा हाती आलेल्या चिठ्ठीत बांधला होता. निळ्या शाईतलं एक अक्षरही फुटलेलं नव्हतं. चिठ्ठी देणाराच पिंजऱ्यात उभा होता. महबूब भाषांतर करायचं विसरून ती बघत राहिला.

चिठ्ठी तपासणीला गेली. अक्षर सुपरवायझरचं निघालं, पावडर हळद निघाली, शाई पाण्यानं पसरणारी निघाली, म्हणजे कागद पाण्यात गेलाच नव्हता. अपील कोर्टानं त्याला दहा वर्षं दिली. त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं, ते गेल्या महिन्यात फेटाळलं गेलं. मृत्यूच्या कागदावरचं 'बुडून' खोडलं गेलं.

त्याच आठवड्यात दवाखान्याचं पत्र आलं : ताईंचा करार वाढवणार नाहीत. अभिजीतसरांनी ते स्वतः आणून दिलं.

संध्याकाळी ताईंनी वीणाला फोन लावला. मृत्यूच्या सुधारलेल्या दाखल्याच्या प्रती किती छापायच्या, सरपंचाला कोणती दाखवायची, हे तिला दोनदा समजावलं.

"नोकरीचं सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"तिनं विचारलं का?" ताई म्हणाल्या, आणि सामान नेण्याचे दर विचारायला दुसरा नंबर फिरवू लागल्या.