मायच्या वळणदार नसा

माझी माय आणि मावशी लग्नानंतरही एकाच गावात नांदल्या, पोंभुर्ण्याजवळ, तलावाच्या काठी. दोघी कमरेइतक्या पाण्यात उतरून जाळ्याची दोन टोकं धरायच्या आणि मिळेल ती मासळी घेऊन मिळूनच बाजारात बसायच्या.

पन्नाशी ओलांडल्यावर मायच्या छातीत दुखू लागलं. ओलं जाळं ओढलं की कळ यायची, टेकलं की जायची. तालुक्याला ईसीजी काढला, तो चांगला निघाला. गॅसच्या गोळ्या दिल्या. चंद्रपूरलाही तेच. मावशीनं काही महिने धीर धरला, मग एका सकाळी तलावाच्या पाळीवर चारचौघींत म्हणाली, "कामाच्या वक्तीच कशी दुखते तुही छाती? नाटकं नको करू." दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला जोडीला घेतलं.

माय घरी बसली. दुखतं म्हणायचंही तिनं सोडलं. कळ आली की भिंतीला हात टेकून उभी राहायची.

शेवटी मी तिला नागपूरला नेलं. अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी मला पडद्यावर तिच्या हृदयाच्या नसा दाखवल्या. सरळ जायच्या सोडून त्या नागमोडी वळत गेल्या होत्या.

"ब्लॉकेज कुठंच नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एवढ्या वळणांमुळे मेहनतीच्या वेळी हृदयाला रक्त कमी पडत असावं. त्यानं दुखू शकतं. अगदी खात्रीनं नाही सांगता येत."

मी मायला तिच्या बोलीत समजावलं. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, "म्हंजे मी खोटी नाई ना?"

"नाही हो, बाई."

माय पदरात तोंड खुपसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गावात उतरल्यावर ती घरी न येता थेट मावशीकडे गेली. मावशी अंगणात मासळी साफ करत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

"मंग मले आंधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगूनच तं राह्यली होती, बाई," माय म्हणाली.

ओल्या हातांनीच मावशीनं मायला जवळ ओढलं.

आता नागपूरच्या गोळ्यांनी दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. माय पाण्यात उतरत नाही. मावशी रोज तिच्या वाट्याची मासळी आणून देते. माय ती घेते, पण बाजारात त्या चारचौघींत बसायला चल म्हटलं की नाही म्हणून मान हलवते आणि आत निघून जाते.