गुरुजींच्या पोराचा हात

रोहण्याच्या मंडळींनो, मी गाव सोडलं त्या सकाळी तुमच्यातले पंधरा-वीस जण एसटी स्टॉपवर जमले होते, ते काही माझ्यासाठी नव्हे. गुरुजी स्वतः पोराला सोडायला आलेत म्हटल्यावर घरात कोण बसणार? एकाने बाबांच्या पाया पडून मला मुद्दाम ऐकवलं, "गुरुजीनं हानलं म्हून मानसात आलो." सगळे हसले. बाबाही हसले. आईने मुगवड्यांची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली. पुलगावची गाडी सुटता सुटता बाबांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, "पोट्ट्यायले धाकात ठेवजो. हात आखडला का डोक्शावर बसतात."

मी मान हलवली आणि मनात शिव्या दिल्या.

मास्तरकीच करायची तर आर्वी तालुक्यात काय कमी होतं, असं तुम्ही मागे म्हणत राहिलात. कमी काहीच नव्हतं, बाबाच फार होते. ज्या शाळेत जावं तिथे त्यांचा एखादा विद्यार्थी मास्तर होऊन बसलेला, आणि हातात त्यांच्यासारखीच छडी. चौथीला मीही त्यांच्या वर्गात होतो. "आधी घरचा," म्हणत ते रोजची सुरुवात माझ्यापासून करायचे. घरी आई हळद लावायची आणि म्हणायची, "त्याईचा हातच तसा हाय, मनात काई नसते." या वाक्याचा मला माराहून जास्त राग यायचा. मी ठरवलं होतं की शिकवीन, पण कुठल्या लेकराच्या अंगाला माझं बोट लागणार नाही. आणि बाबांचं नाव कुणी ऐकलं नसेल इतक्या लांब जाऊन शिकवीन. आफ्रिकेतल्या मलावीत स्वयंसेवक शिक्षक हवे होते. मी अर्ज भरला.

तिथे उतरल्यापासून मला प्रत्येक गोष्टीचा संताप येत होता. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, त्यात मिशा असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवत बालगीतं म्हणायची आणि चार्ट पेपरवर पानं चिकटवायची. ज्या बाईंच्या घरी मला ठेवलं होतं त्यांना सगळे अमाई म्हणत. त्या दोन्ही वेळा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाढायच्या आणि मी तो मुगवड्यांच्या रश्शात बुडवून गिळायचो. त्यांनाही मुगवड्या आवडल्या, तर त्याचाही मला राग आला. ट्रेनिंगच्या मॅडम रोज बजावायच्या की मुलाला हात लावायचा नाही. मी मनात म्हणायचो, बाई, हे मला सांगता? त्याच्यासाठीच तर इथवर आलो.

पाचव्या आठवड्यात तिथल्या एका शाळेत सरावाचा पाठ होता. मी अपूर्णांक शिकवत होतो. दुसऱ्या बाकावरच्या चिसोमो नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने माझ्या इंग्रजीची नक्कल केली आणि शेजारणीला हसवलं. एवढंच झालं. हात आधी गेला, मी मागून पोहोचलो. तिचा कान माझ्या चिमटीत पिरगाळलेला होता आणि माझ्या तोंडातून निघालं, "हासतं काऊन?" अगदी बाबांच्या आवाजात. सगळा वर्ग गप्प झाला. तसला गप्प वर्ग मी रोहण्यात रोज पाहिला आहे.

संध्याकाळी मुलीची आई ट्रेनिंगच्या मॅडमना घेऊन अमाईंच्या अंगणात आली. ती ओरडली नाही. मॅडमना म्हणाली, या माणसाने वर्गापुढे माझ्या मुलीची माफी मागावी, नाहीतर आपल्या देशात परत जावं. मॅडमनीही मला तीच अट घातली.

मी घरी फोन लावला. फोन मी उजव्या कानालाच लावतो. डाव्याने मला कमी ऐकू येतं आणि ते कशामुळे, यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "काऊन मागतं माफी? कानच तं धरला. वापस येजो, पन पोट्टीपुढं वाकू नोको."

कबूल करतो, तोवर मला परतच यायचं होतं. बॅगही काढली होती. पण बाबांनी इतक्या मायेने मला आजवर कधी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते यासाठी. मी फोन ठेवला आणि अमाईंकडून चिचेवा भाषेतलं माफीचं वाक्य घोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गुडघ्यांवर बसलो. तिकडे मान द्यायचा तर तसंच बसतात. आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नाही, त्यामुळे ते वाक्य दोनदा अडखळलं. चिसोमोने ऐकून घेतलं, दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिने माफ केलं नाही. का करावं?

ट्रेनिंगनंतर मला त्याच शाळेवर नेमलं, त्याला आता वर्ष होत आलं. तिची उत्तरं बहुतेक बरोबर असतात. वही दाखवायला येते तेव्हा एका हाताने वही पुढे करते आणि दुसरा हात कानावर ठेवते. अजूनही.

गेल्या आठवड्यात तुमचा मेसेज आला. गुरुजींचा सत्कार आहे, गौरव अंक काढतो आहोत, मुलगा म्हणून चार गोड शब्द लिहा आणि त्या निमित्ताने घरी या. गोड शब्द माझ्याकडे नाहीत. जो मार तुम्ही खाल्लात त्याचाच हार करून त्यांच्या गळ्यात घालताय, खुशाल घाला. मी येणार नाही. हे पत्र छापायची छाती असेल तर छापा.

राहिलं घरी येण्याचं. रोहणा माझं गाव आहे, ते मी नाकारत नाही. पण घर म्हणाल तर मला अजून ते कुठेच नाही. ज्या दिवशी चिसोमो दोन्ही हातांनी वही पुढे धरेल, त्या दिवशी तुम्हाला कळवीन की घरी पोहोचलो.