पगडी एकाची, कागद दुसरीचा

तर त्या दिवसापासून बख्तावरसिंग आपल्याच बायकोवर जळायला लागला. जळणं तरी कसं? ओल्या गोवरीसारखं. ज्वाळा नाही, नुसता धूर.

त्याचंही खरं होतं म्हणा. बाप गेला तेव्हा अख्ख्या गावासमोर थोरलेपणाची पगडी त्याच्याच डोक्यावर बांधली होती. आमच्या पंजाबातल्या दुआब्यात एकदा ती बांधली की त्या घरात शेवटचा शब्द त्याचा. आणि धाकटा भाऊ करनैल कॅनडातून आपल्या जमिनीचं अन् नव्या कोठीचं, म्हणजे बंगल्याचं, कुलमुखत्यारपत्र पाठवतो, ते कुणाच्या नावानं? भाभीच्या! बचिंत कौरच्या!

मग काय, फाटकातून येणारा जो तो खाटेवरच्या बख्तावरला "सत् श्री अकाल, चाचा" एवढं म्हणायचा आणि लगेच विचारायचा, "चाची कुठंय?" सही तिची, म्हणून खुर्चीही तिला. पटवारीसुद्धा तिच्याशी 'जी' लावून बोलायचा. ते 'जी' ऐकलं की बख्तावरच्या घशात लस्सी अडकायची.

शेवटी त्यानं एक डाव टाकला. कोठीच्या गच्चीवर पाण्याची टाकी व्हायची होती. आमच्याकडं टाकी साधी बांधत नाहीत. कुणाची फुटबॉलच्या आकाराची, तर कुणाची गरुडाच्या. बचिंत माहेरी गेलेली बघून त्यानं जग्गा गवंड्याला फर्मावलं, "विमान बसव! पंख चार गावांतून दिसले पाहिजेत!"

ती परतली तेव्हा एक पंख झाला होता.

"हे कुणी सांगितलं रे?"

"चाचांनी," म्हणत जग्गा थापी घेऊन टाकीआड सरकला.

बचिंत नवऱ्याकडं वळली. "सरदारजी, विमानानं माझा दीर नेला. तेच घराच्या डोक्यावर बसवू? जग्गा, उतरव ते. बैलजोडी कर."

गवंड्यादेखत! बख्तावरनं तिथल्या तिथं करनैलला फोन लावला. "मी थोरला आहे की नाही?"

"आहात की, वीरजी. पण तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. लोकांनी वाट मागितली, दिलीत. बोअरचं पाणी मागितलं, दिलंत. माझ्या गव्हातनं सगळ्या गावाचे ट्रॅक्टर जात होते! भाभी 'नाही' म्हणते. तरी हवा तर नवा कागद तुमच्या नावानं करतो. बोला."

"घ्या की," फोनमधलं ऐकून बचिंत म्हणाली. "तो बघा, शेजारचा प्रीतू आलाच फाटकात. विटा पाडायला करनैलच्या रानातली माती हवीय त्याला. मी हाकलून हाकलून दमले. आता तुम्ही हाकला."

प्रीतू लांबूनच हात जोडून हसला. सवयीनं बख्तावरही हसला. मान 'हो' म्हणायला हललीच होती, ती कशीबशी आवरून त्यानं प्रीतूकडं पाठ फिरवली आणि फोनमध्ये हळूच म्हणाला, "बैल तर बैल. कागदही राहू दे तिच्याकडंच. पण गावात कुणी विचारलं, तर मीच तिला दिलाय म्हणून सांग हं, करनैल."